हॅगनच्या दुकानाचं मागचं दार

आईची पावलं माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेली होती... खाकी कागदावर पेन्सिलीने काढलेली. हॅगनच्या दुकानात आम्हा काळ्यांना जोडा पायात घालून बघता येत नसे. आमचा पाय लागला की जोडा बाटतो म्हणे! गोरी बाई सात जोड घालून, नाक मुरडून निघून गेली तरी चालायचं. आम्ही मागच्या दारी कागद द्यायचा, आणि मिळालेला जोडा चावला तर मुकाट्याने लंगडायचं.

त्या दिवशी दार उघडलं ते ओथाने. त्या दुकानात आमच्यातला तो एकटाच नोकर. त्याने कागद उजेडात धरला, मग माझ्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ.

"हे पाय तुमचे नाहीत."

"कशावरून?"

"हे दमलेले आहेत. तुमचे भांडायला निघालेत."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

त्याचं चुकलं नव्हतं. काळी असून मतदार यादीत नाव घालायला गेले म्हणून शाळेने मला नुकतंच शिक्षिकेच्या नोकरीवरून काढून घरी बसवलं होतं. आता दर गुरुवारी मला कुणा ना कुणाच्या पायाची काळजी वाटू लागली, आणि मापाचा कागद घेऊन मी मागच्या दारी जाऊ लागले. ओथा खोक्यात चोरून दोन मापांचे जोडे घालायचा. बसेल तो ठेवा, दुसरा परत आणा म्हणायचा. परत आणायला मीच जायचे, हे सांगायला नकोच.

मग चर्चच्या तळघरात आम्ही बहिष्कार ठरवला. हॅगन आम्हाला खुर्चीवर बसवून जोडे दाखवत नाही, तोवर एकही जोडा घ्यायचा नाही. ईस्टरला जुने जोडे घालून चर्चमध्ये जायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं, तरी सगळ्यांनी जुनेच पुसून घातले. मागण्यांचा कागद मी लिहिला. ओथाला कामावरून काढू नये, असंही लिहिलं... आणि खोडलं. आमची नावं एकत्र आली की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

फलक घेऊन मी दुकानासमोर उभी होते, आणि पाऊस झिमझिमत होता. हॅगनने ओथाला बाहेर पाठवलं. त्याने येऊन माझ्या डोक्यावर छत्री धरली.

"साहेब म्हणतात, तिच्या हातातला फलक हिसकावून आण."

"मग?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं."

काचेआडून हॅगन बघत होता. त्याच संध्याकाळी ओथाची नोकरी गेली.

सात आठवड्यांनी हॅगन नमला. जे लिहिलं होतं ते सगळं मान्य केलं; त्यात ओथा नव्हताच. गावातल्या गोऱ्यांनी त्याचं नाव एकमेकांना कळवलं होतं. लाकडाच्या गिरणीत, कापसाच्या गोदामात, कुणी त्याला दारात उभं करेना. आणि आमच्या लोकांकडे नोकऱ्या होत्याच कुठे?

शिकागोच्या बसची वाट बघत तो काळ्यांच्या बाकावर बसला होता. मी त्याला त्या खोडलेल्या ओळीचं सांगून टाकलं.

"का खोडलीस?"

"लोक म्हणाले असते... स्वतःच्या माणसासाठी लढतेय."

"म्हणजे मी तुझा माणूस होतो?" तो डोळ्यांत हसला. "गावाला माहीत होतं, मलाच तेवढं कुणी सांगितलं नाही."

"आहेस, ओथा. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"मग चल, डेल्फीन."

सोमवारी बारा बायका माझ्याबरोबर मतदार यादीत नाव नोंदवायला कचेरीत येणार होत्या. मी गेले तर एकही येणार नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं.

"तूच राहा ना," मी म्हणाले.

"कशावर?"

त्याने रागाने नाही, साधंच विचारलं.

बस लागली. सगळ्यांदेखत त्याने माझा हात ओठांना लावला.

"किती दिवस चालेल तुझं भांडण?"

"कुणास ठाऊक..."

"मी वाट बघेन. पण जरा लवकर भांड."

बस गेली. मला रडायचं होतं, पण आला तो संताप. जोडा पायात घालून बघायचा, एवढ्याशा हक्कासाठी या गावाने माझा माणूस घेतला.