पुढचं फाटक उघडंच होतं

खोटं सांगून मला काय मिळायचंय? नोरीन हिंगली माझी शेजारीण. चॅपलमध्ये गाणारी, देवाला भिणारी बाई. तिने सांगितलं तसंच सांगतो.

रात्रसुद्धा नव्हती हो. २०११ चा ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे साडेतीन. इंग्लंडातल्या डडली गावाच्या खालचा जुना कालवा. एका काठाला बंद पडलेला साखळ्यांचा कारखाना, दुसऱ्या काठाला भंगाराचं आवार.

नोरीन आणि तिचा नवरा डेस्मंड आठवडाभरासाठी लांबट, अरुंद बोट भाड्याने घेऊन सुट्टीवर निघाले होते. नोरीन सुकाणूवर. डेस्मंड काठाने चालत, हातात लोखंडी हँडल.

त्या चढावर अकरा लॉक. लॉक म्हणजे दोन फाटकांमधली खोल विटांची पेटी. बोट आत आली की काठावरच्याने मागचं फाटक लावायचं, हँडल फिरवून पाणी सोडायचं. पेटी भरली की बोट वर, पुढचं फाटक उघडून बाहेर. मग त्यानेच पुढे जाऊन पुढचं लॉक तयार ठेवायचं. आणि फाटक उघडं दिसलं की सुकाणूवाल्याने थांबायचं नाही, सरळ आत शिरायचं. बोटवाल्यांची रीतच आहे ती.

दुसऱ्या लॉकवर दोघांची जुंपली.

"डेस, डॉक्टर काय म्हणाले? दे ते हँडल इकडे."

"का? मी काय काचेचा आहे? तू सुकाणू सांभाळ. मघाशी पुलाला ठोकलीस, तेवढं पुरे."

"मग मर जा त्या फाटकांवर!"

तोंडातून गेलं. सुटलेलं पाणी आणि सुटलेला शब्द... मागे कोण वळवणार?

फणकाऱ्यातच तिने बोट पुढे काढली. मागे पाहिलंही नाही.

वळणापुढे तिसरं लॉक.

फाटक उघडं होतं...

'एवढ्यात पोचला? कारखान्यामागच्या वाटेने आला असेल,' असं म्हणत ती आत शिरली.

धप्प... मागचं फाटक लागलं.

पेटीच्या तळाशी बोटीत उभ्या माणसाला ओल्या विटा आणि वरती आभाळाची पट्टी, एवढंच दिसतं. वर बूट वाजले. मग हँडल फिरू लागलं, दात्यांवर खटका पडू लागला.

खट्... खट्... खट्...

पाणी चढलं. बोट वर आली.

काठावर कोणीच नाही.

पुढचं फाटक मात्र उघडं. आणि लांब, चौथ्या लॉककडे चाललेली एक पाठ. डोक्यावर टोपी.

"रुसलायस होय? रुस बापडा!" ती ओरडली.

पाठ वळली नाही.

चौथ्यालाही तेच. पाचव्यात मात्र नोरीनचं मन वितळलं. आपण बोललो ते वाईटच बोललो. ती तळाशी उभी राहून हळूच रविवारचं भजन गुणगुणू लागली. त्याला ऐकू जावं म्हणून.

पहिली ओळ संपली...

दुसरी वरून कोणीतरी उचलली.

भरदार, सुरेल गळा. नोरीन हसली. आणि मग तिच्या ध्यानात आलं.

डेस्मंडला सूर नाही. चाळीस वर्षं तो चॅपलमध्ये नुसते ओठ हलवतो.

"डेस...?"

गाणं थांबलं.

खट्... खट्... खट्...

बोट वर आली. काठ रिकामा. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर डेस्मंडचा, आवाज परक्या बाईचा.

"तुम्ही नोरीन का? मी कुत्र्याला फिरवायला आले होते. दुसऱ्या लॉकपाशी एक काका छाती धरून बसलेत. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय. या लवकर."

"कधीपासून बसलेत?"

"तुम्ही निघालात तेव्हापासून, म्हणतायत."

नोरीनने मान वर केली.

सहाव्या लॉकचं फाटक उघडं. शेजारी तो उभा. पाठमोराच. एक हात वर करून... ये, ये म्हणत.

तिने बोट कशीबशी काठाला बांधली, इंजिनाची किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि येशूचं नाव घेत मागे धावली. वाटेतलं प्रत्येक फाटक नीट लागलेलं. फाटक ढकलायच्या लाकडी तुळयांवर पानांचा ओला थर होता...

एकही पान हललेलं नव्हतं.

डेस्मंड वाचला. नऊ दिवस इस्पितळात होता. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं?

"नोरीन, तुझ्याबरोबर कोण गात होतं गं?"

त्याआधी, त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, बोट भाड्याने देणाऱ्याचा फोन आला होता. "बाई, बोट वर एकटीच सोडून गेलात?"

"वर कुठे? पाचव्यापाशी बांधलीय मी."

"काहीतरीच! अकराव्याच्या वर आहे. पुढे कालवा डोंगराखालच्या बोगद्यात शिरतो ना, त्याच्या तोंडाशी, नाक आत घालून."

मधली सहा लॉक... आणि किल्ली नोरीनच्या कोटात.

आता ते दोघं कालव्याकडे फिरकत नाहीत. मीही ती वाट सोडलीय. मागच्या रविवारी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, तर डेस्मंड म्हणाला, "कोणीतरी जुना बोटवाला असेल गं. एकट्या बाईला मदत करत होता बिचारा."

नोरीनने कप खाली ठेवला.

"मदतीला आलेला माणूस एकदा तरी मागे वळून बघतो, डेस."