दोन पंचवीसचं पावणं

ऑक्टोबर १९९९. त्या वर्षी कोल्हापुरात काहीही बंद पडलं, मिक्सर, मोटरसायकल किंवा जावयाची बोलती, तरी लोक म्हणायचे, "दोन हजार साल जवळ आलं की." त्यामुळे सोमवारी सकाळी हंबीररावांनी फोन खाली ठेवून "कागलच्या फौंड्रीतला कंप्युटर पुण्याशी बोलंना झालाय" असं सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, की आधी बोलत होता का.

"लई शाना हूं नगंस. जा."

हंबीरराव म्हणजे माझे मालक. त्यांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथं तीन महिने जुना होतो. नाव संघर्ष, गाव जयसिंगपूर, वय बावीस. भुतं, ग्रहमान आणि हंबीररावांचा पगारवाढीचा शब्द, यांवर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

पंचतारांकित एमआयडीसीत तारे सोडून सगळं आहे. फौंड्रीच्या पहिल्या मजल्यावर ड्रॉइंगची खोली होती. जळक्या वाळूचा वास, खालून येणारे हातोड्याचे ठोके, स्प्रिंगचं दार, भिंतीकडेला लाकडी बाक. टेबलावर पुण्याहून सेकंडहँड आलेलं युनिक्सचं मशीन, पिवळं पडलेलं, घरच्या टीव्हीएवढ्या डोक्याचं. शेजारी मोडेम. खोलीत माणूस एकच, दीप्तीताई. सगळी ड्रॉइंग्ज त्याच करायच्या आणि रोज दुपारी दोन पंचवीसला मशीन ती पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवायचं. ही वेळही त्यांनीच ठरवलेली. त्या वेळी फोनची लाईन मोकळी मिळते, कारण सगळा जिल्हा जेवत असतो.

"गेल्या बुधवारपासनं एक फाइल गेली न्हाई," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत सुरळीत झालं न्हाई, तर ड्रॉइंगची खोलीच पुण्याला हलवणार म्हणत्यात."

"मग पुण्याला जायचं. बरं असतं की पुणं."

"आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्याय लागती. दुपारपुरतं शेजारच्या तानाबाई बघत्यात. तिला कुठं नेऊ? न्हाई गेले तर नोकरी गेली."

मी बॅगेतला स्क्रू ड्रायव्हर काढला. अशा वेळी हातात काहीतरी असलेलं बरं.

ही यंत्रं बोलतात कशी ते थोडक्यात सांगतो. आपलं मशीन मोडेमवरून पुण्याला फोन लावतं. शिट्ट्या होतात, खरखर होते. मग एका फाइलीत जेवढं लिहून ठेवलंय तेवढंच ते बोलतं. समोरून 'लॉगिन' आलं की आपलं नाव सांगायचं, 'पासवर्ड' आला की पासवर्ड सांगायचा, मग टपाल आणि फायली द्यायच्या-घ्यायच्या आणि फोन ठेवायचा. लग्नाच्या बैठकीतसुद्धा इतकं ठरवून कुणी बोलत नाही. समोरून भलताच शब्द आला, तर मशीन पंचेचाळीस सेकंद गप्प बसतं आणि फोन ठेवून देतं.

मी केबल बदलली. वेग कमी केला. नंबर तपासला. मोडेम पालथा करून झटकला, त्यातून एक झुरळ पडलं, तेही निर्दोष होतं. शेवटी मशीनला सांगितलं, की समोरून येणारं अक्षर न् अक्षर नोंदीत लिही.

दोन पंचवीसला फोन लागला. शिट्टी, खरखर. पंचेचाळीस सेकंद. कट. मी नोंद उघडली. 'लॉगिन' यायला हवं होतं तिथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, "जेवलासा का".

पुण्याच्या मशीनवर मोना नावाच्या बाई होत्या. त्यांना फोन केला.

"अहो, तुमचा कॉल आमच्याकडे बुधवारपासून आलेलाच नाही," त्या म्हणाल्या. "आणि आमचं मशीन असं काही विचारणार नाही. आम्हीच विचारत नाही."

हे पटण्यासारखं होतं. पण नंबर बरोबर होता. टेबलावरच्या फोनवरून तोच फिरवला, तर पुण्याचीच शिट्टी ऐकू आली.

कुणीतरी चेष्टा करतंय असं मी धरून चाललो, आणि चेष्टेत कोल्हापूर जिल्हा हरलेला मला आवडत नाही. फाइलीत एक ओळ वाढवली. समोरून 'जेवलासा का' आलं, की म्हणायचं, "व्हय, या जेवायला".

आता 'या जेवायला' हे काही मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. आपल्याकडं ते आपोआपच येतं. डब्यात अर्धी भाकरी उरलेली असली तरी म्हणायचं. समोरचाही "आत्ताच झालं" म्हणून पुढं जातो. आमच्या गल्लीत हे पिढ्यानपिढ्या चाललंय, अजून कुणी खरोखर बसलेलं नाही. त्या भरवशावरच लोक म्हणतात.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावला. शिट्टी. खरखर. मग 'लॉगिन'. साठलेली ड्रॉइंग्ज एकामागून एक निघून गेली. मोनाबाईंनी फोन करून सगळी आल्याचं सांगितलं. दीप्तीताईंनी मला डब्यातली पोळी दिली. मी हंबीररावांना फोनवर सांगितलं, की बिघाड गुंतागुंतीचा होता.

त्यांनी शनिवारपर्यंत रोज जाऊन बघायला सांगितलं.

मंगळवारच्या नोंदीत आमच्या उत्तरानंतर एक शब्द जादा होता. "येतो". मग 'लॉगिन'. फायली गेल्या.

बुधवारी, "आजरा सोडला".

"कोण हाय हे?" दीप्तीताईंनी विचारलं.

"आजऱ्याचा काजूवाला असंल."

त्या हसल्या नाहीत. मी हसलो, कारण विनोद माझा होता.

गुरुवारी, "उत्तूर". मी कागल स्टँडवर एसटीचं वेळापत्रक बघून आलो. आजऱ्याहून कागलच्या वाटेवरच्या उत्तूरला यायला कुठल्याही गाडीला चोवीस तास लागत नाहीत. म्हणजे चालत. किंवा चालण्यासारखं काहीतरी. मला बसवेना. खोलीत फेऱ्या मारत होतो, दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, खिडकीपासून दारापर्यंत बारा. पुन्हा मोजलं. बाराच.

शुक्रवारी मी दोन पंचवीसच्या आधी फाइलीतून 'या जेवायला' काढलं. नुसतं 'व्हय' ठेवलं. उत्तर तर उत्तर आहे.

शिट्टी. खरखर. कट.

नोंदीत होतं, "तुमीच बोलिवलं".

दीप्तीताई माझ्या खांद्यामागून वाचत होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. खाली हातोडा थांबला होता, जेवणाची सुट्टी.

"परत घाला ते," त्या म्हणाल्या.

"ताई, मला वाटतंय—"

"तुम्हाला काय वाटतंय ते मला बी वाटतंय. पण उद्या शनिवार हाय. घाला परत."

"लाईनवर कोण हाय, ते तरी आधी शोधू की."

"शोधा. सोमवारी शोधा. मला खोली इथं पायजे. कोण का येईना, जेवायलाच येतंय न्हवं? आमच्या दारातनं कोण उपाशी गेलेलं न्हाई."

मी परत घातलं. फायली गेल्या. नोंदीत 'लॉगिन'च्या आधी, "निपाणी". निपाणीवरून कागलला नॅशनल हायवे आहे. रस्ता उत्तम.

त्या संध्याकाळी मी दुकानातलं मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात बिघाडांची चौदा पानी यादी होती. पाहुण्यांचं काही नव्हतं.

शनिवारी दीप्तीताई नेहमीपेक्षा मोठा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं. एक ताटली माझी, एक त्यांची. डब्याचं झाकण उपडं करून तिसरी. त्यावर दोन भाकरी, पिठलं, कांदा. तांब्या भरून ठेवला.

"ताई, हे जरा जास्तच व्हायलंय."

"बोलिवलंय न्हवं तुम्ही? मग वाढायला नको?"

दोन बावीस. मी मोडेमकडं बघत होतो. बोटांनी टेबलावर ताल धरला होता, तो थांबवला. पुन्हा सुरू झाला.

दोन पंचवीस.

मोडेमनं नंबर फिरवला. शिट्टी. खरखर.

मी नोंद स्क्रीनवर चालती ठेवली होती. 'जेवलासा का' आलं नाही.

सरळ 'लॉगिन' आलं. सरळ 'पासवर्ड'. पहिली फाइल निघाली.

खाली हातोडा बंद होता. जिन्यावर काहीही वाजलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी ऐकतच होतो.

स्प्रिंगचं दार उघडलं. हळू, माणूस उघडतो तेवढंच. तिथं कुणी नव्हतं. मग ते मिटलं.

दुसरी फाइल गेली. तिसरी.

दीप्तीताईंनी पदर नीट केला.

"या," त्या दाराकडं बघून म्हणाल्या. "हात धुवून घ्या."

मी दुरुस्तीच्या पावतीवर त्यांची सही घेतली आणि तडक निघालो. ती सही घाईघाईत मीच केली होती, हे मला बसमध्ये कळलं.

सोमवारी मोनाबाईंचा दुकानात फोन आला. सगळं व्यवस्थित पोचलं होतं, ड्रॉइंगची खोली कागललाच राहणार होती. "फक्त एक," त्या म्हणाल्या. "तुमचं मशीन आता जोडलं गेलं, की आम्हालाच विचारतं, जेवलासा का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. आम्ही उत्तर दिलं नाही."

त्या आठवड्यात अपेक्षेप्रमाणे वागलेलं एवढं एकच यंत्र, ते पुण्याचं.

नोव्हेंबरअखेर देखभालीसाठी मला पुन्हा कागलला जावं लागलं. नाही म्हणून बघितलं, हंबीररावांनी विचारलं, "का, कुत्रं हाय काय तिथं?" मी बॅग उचलली.

खोली तशीच होती. दीप्तीताई थोड्या वाळल्या होत्या, पण मजेत दिसल्या. आई बरी आहे म्हणाल्या. भाकऱ्या मात्र जास्त कराव्या लागतात.

"किती जास्त?"

"आधी दोन लागायच्या. आता सात."

मी मशीनला विचारलं, की आत्ता आत कोण कोण आहे. युनिक्सला हे विचारता येतं. त्यानं दोन नावं दाखवली. एक दीप्तीताईंचं. दुसरं 'पावणं', मोडेमच्या तारेवरून आलेलं, शनिवार, दुपारी दोन पंचवीसपासून. तो शनिवार ऑक्टोबरमधला. या नावाचं खातं मी उघडलं नव्हतं. एका रकान्यात, त्या माणसाचा हात कीबोर्डवर किती वेळ थांबलाय ते असतं. तिथं शून्य होतं, म्हणजे हात चालूच.

मी मोडेमची तार उपसली. पुन्हा विचारलं. दोन नावं. शून्य.

"लावा ती परत," दीप्तीताई मागून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दोन वाजून गेलं. चला, आधी जेवा."

मी तार लावली. बाकावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. एका टोकाला त्या बसल्या, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये भरपूर जागा होती. त्यांनी मला वाढलं, स्वतःला वाढलं, आणि झाकणावर एकावर एक भाकऱ्या रचल्या. मी पहिला घास मोडला.

"भाऊ," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जरा सरकून बसा."

मी सरकलो. बाक करकरला. मग मी अजिबात हललो नाही, तरी तो दुसऱ्यांदा करकरला.