लाखेतले अंगठे

विट्यात बाबूतात्यांच्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात भट्टीशेजारी घाटवाचक नावाचं यंत्र बसवलं होतं. सोन्याचा कुठलाही डाग, म्हणजे दागिना, वितळवण्याआधी त्यात तपासायचा, असा आता नियमच झाला होता. सोनं कितीदाही वितळलं, तरी प्रत्येक सोनाराच्या जोडकामातले तांब्या-चांदीचे कण त्यात उरतात. ते ओळखून हे यंत्र त्या सोन्याचे आधीचे दागिने पडद्यावर काढून दाखवायचं.

येसाबाईंनी सासूची बोरमाळ यंत्रात ठेवली खरी, पण हात लवकर सुटेना. नात रेवूला लग्नात ती मोडून पाटल्या हव्या होत्या. येसाबाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. फार जुनं काही निघालं, तर डाग न मोडता संग्रहालयाला देता येत असे. माळ तरी शाबूत राहिली असती.

आणि निघालंच. बोरमाळेच्या मागे पुतळ्यांची माळ आली, तिच्यामागे जाडजूड कुड्या, मग परक्या राजाचं तोंड असलेलं नाणं, आणि अगदी शेवटी समुद्रापलीकडच्या कुणा राणीच्या कपाळावरचं सोन्याचं पान.

"मावशी, राणीला गळ्यात घालून भाकरी थापत होता की तुम्ही," बाबूतात्या म्हणाले. संग्रहालयात माळ काचेत ठेवतील, खाली तुमचं नाव लिहितील, असंही त्यांनी सांगितलं.

रेवूचा चेहरा उतरला. "राहू दे आजी. नकोत मला पाटल्या."

येसाबाईंच्या मनासारखं झालं होतं. पण त्यांची नजर पडद्यावरून हलेना. पानवालीनं पान धरून ठेवलं असतं, कुड्यावाली अडून बसली असती, तर सासूच्या गळ्यात ही माळ आलीच नसती. इतक्या बायकांनी मोडू दिलं, म्हणून सोनं इथवर आलं.

त्यांनी पाठ ताठ केली. "वितळवा. मी काय त्यांच्याहून कमी आहे?"

बाबूतात्यांनी मणी तापवून आतली लाख काढून दिली. येसाबाईंच्या घरात ती कधी टाकत नसत. घरच्या बाईनं मळून नव्या डागात भरायची. येसाबाईंनी ऊन ऊन गोळा मळला आणि त्यावर अंगठा दाबला.

"हेही वाचतं का ते यंत्र?" रेवूनं विचारलं.

"त्याला फक्त सोनं कळतं गं."

रेवूनं आजीच्या खुणेला खेटून आपला अंगठा उमटवला. पोकळ पाटल्यांचं तोंड त्याच लाखेनं, ठसे तसेच ठेवून, बुजवायचं ठरलं. पुढं कधीतरी, कुठल्याशा गावात, कुणी बाई या पाटल्या मोडायला आणेल, तेव्हा तिला आधी काय दिसेल: पडद्यावरची राणी, की लाखेतले हे दोन अंगठे?