आठ रिकामी घरं

दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या दोन, घरं वीस. आठ रिकामी, बारा भरलेली. ताप नाही. मणक्यावरचं ड्रेसिंग कोरडं. पोट साफ होण्याच्या औषधाची बाटली एक, सील न तोडलेली. उशाशी चष्मा, काचा खाली करून उघडाच ठेवलेला. शेजारी त्याची डबी, बंद.

नर्सने एवढं लिहून घेतलं आणि क्षणभर डोळे मिटले. सकाळपासूनची ही तिसरी घरभेट.

पलंगावर बावन्न वर्षांचा क्रेनचालक कुशीवर पडून होता. सोमवारी सकाळी मणक्याचं ऑपरेशन, संध्याकाळी घरी. आज गुरुवार. दुखणं दहापैकी आठ. सर्जन फोनवर म्हणाले होते, गोळ्या वेळेवर जाऊनही इतकं दुखत असेल तर आत काहीतरी बिनसलंय. बाराला गाडी पाठवतो, कदाचित पुन्हा उघडावं लागेल. आता दहा वाजले होते.

"पायाचा अंगठा वर करा, काका. माझ्या हाताला रेटा."

त्याने रेटला. जोर चांगला होता.

"सिस्टर, तुम्ही गोळ्या तपासा," दारातून त्याची थोरली बहीण म्हणाली. "कोणीतरी बदलल्यात. याची ही बायको पहिल्या दिवसापासून म्हणतेय, या गोळ्यांची सवय लागते म्हणून."

"म्हटलं होतं, वन्सं," बायको थकल्या आवाजात म्हणाली. "म्हणून मी बदलेन? तीन रात्री झोपले नाही मी."

नर्सने एक गोळी काढून हॉस्पिटलच्या कागदावरच्या फोटोशी ताडून पाहिली. रंग तोच, खूणही तीच. पट्टीही मागून कोणी उघडलेली नव्हती.

"गोळी कोण देतं?"

"मीच. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. हातावर ठेवते, पाणी देते."

"गिळताना बघता?"

"बघते की. तोंडात टाकतात, पाणी पितात. मग मी ग्लास विसळायला जाते."

"आणि हे औषध? उघडलं नाहीत?"

"गरजच पडली नाही. पोट रोज साफ होतंय."

"आमच्या घरात कोणाचंच पोट कधी अडत नाही," बहीण अभिमानाने म्हणाली.

"झोप, गुंगी?"

"कुठली गुंगी? काल अख्खं शब्दकोडं सोडवलं त्यांनी."

बायकोने दुखण्याचे आकडे वहीत लिहिले होते, प्रत्येक गोळीनंतर तासाभराने. सोमवारी रात्री चार. मंगळवारी सकाळी तीन, दुपारी तीन, रात्री सात. पुढे आठ, आठ, आठ, आठ.

"मंगळवारी दुपारनंतर काय झालं?"

"काही नाही. कोणी आलं नाही, गेलं नाही." बायको आठवू लागली. "संध्याकाळी यांच्या कामावरून फोन आला होता, तेवढाच."

क्रेनचालकाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

नर्स खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"काका, समोरच्या उघड्या कपाटातली तुमची हत्यारं एका रेषेत लावलेली आहेत. असा माणूस चष्मा काचांवर पालथा ठेवत नाही. डबी रिकामी असती तर चष्मा तिच्यात असता."

तिने डबी उघडली. काच पुसायच्या कपड्यात पाच गोळ्या होत्या. कडा विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"अगं बाई," बहीण खाली बसली.

"गोळ्या कोणीच बदलल्या नाहीत," नर्स म्हणाली. "ही गोळी तीन दिवस पोटात गेली तर पोट अडतं आणि डोळे जड होतात. इथे दोन्ही नाही. म्हणजे ती पोटात जातच नव्हती. आठ घरं रिकामी. पहिल्या तीन गोळ्यांना आकडे चार, तीन, तीन. त्या गिळल्या. फोन आल्यानंतरच्या पाच गालात धरल्या, काकू ग्लास घेऊन वळल्या की डबीत. पायात जोर आहे, ताप नाही, म्हणजे ऑपरेशन ठीक आहे. दुखणं वाढवलंय यांनीच."

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. "अहो, का?"

भिंतीकडे बघतच तो बोलला. "साहेब म्हणाले, तीन आठवड्यांत हजर नाही झालास तर केबिनमध्ये दुसरा बसेल. आठ तास त्या खुर्चीत बसायचं. इथे पलंगावर सोसता येतं गं. तिथे कसं सोसणार? म्हणून गोळ्या तिथल्यासाठी साठवत होतो."

"ही गोळी घेतलेल्या माणसाला क्रेनवर चढूच देत नाहीत," नर्स म्हणाली.

"मग सोसलं ते फुकट?"

"नुसतं फुकट नाही, उलट नुकसानच. दुखतं म्हणून तुम्ही उठला नाहीत. उठत नाही म्हणून पाठ आखडली. आता गिळा, चाला, म्हणजे गोळ्या लवकर सुटतील. कामाचं पत्र सर्जनच देतील, मी सांगते त्यांना."

तिने फोन लावला, सगळं सांगितलं. चुकलेली गोळी आत्ताच द्यायला आणि गाडी थांबवायला सर्जन तयार झाले. डबीतल्या पाच गोळ्या तिने पाकिटात बंद करून परत न्यायला घेतल्या.

बहिणीने भावजयीच्या हातून ग्लास काढून घेतला. "तू पड जरा. याच्या तोंडात मी बघते. लहानपणीही असाच गालात धरायचा हा, कडू औषध."

साडेदहाला त्याने गोळी गिळली. तोंड उघडून दाखवलं, जीभही वर केली.

साडेअकराला नर्सने त्याला उठवलं. पलंगापासून दारापर्यंत, तिच्या हाताच्या आधाराने, चौदा पावलं. दुखणं दहापैकी तीन.