आठव्या तारेखालचा आवाज

"पेटीबिटीत नाही ठेवायची. गिटार माझ्या मांडीवरच राहील, आधीच सांगतो."

पाषाणच्या चुंबक-प्रयोगशाळेत आवाजबंद पेटीला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. पण भालचंद्र टिळेकरांपुढे डॉ. शलाका गुर्जर काय बोलणार? त्यांच्या लेकीच्या, इराच्या मेटल बँडमध्ये ती ड्रम वाजवायची आणि तालीम संपली की त्यांच्याच घरी पिठलं-भात हाणायची. इराला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

टेबलावर पिकअपची, म्हणजे गिटारीच्या तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकपट्ट्यांची, नवी जोडी होती. इराच्या आठ तारांच्या गिटारीची जाड आठवी तार जुन्या पिकअपमधून चिखलात रुतल्यासारखी वाजायची. सगळ्यांचं डोकं खाऊन तिने ही जोडी निवडली आणि पार्सल आलं ते तिच्या दहाव्याला. शलाका बसवायला गेली, तर "तिच्या वस्तूला हात लावायचा नाही!" म्हणून टिळेकरांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

आज ते तयार झाले होते, पण एका अटीवर. जुन्या पिकअपमधली इरा आधी बाहेर काढायची. मैफिलींची ध्वनिमुद्रणं ढीगभर होती; घरात बडबडणारी इरा मात्र कशातच नव्हती.

"प्रत्येक तारेखाली एक चुंबक असतो, काका. तार थरथरली की त्याच्यात ठसा उमटतो. ही चुंबकस्मृती. जवळ कुणी बोललं तरी तार थरथरते, म्हणून बोलणंही उमटतं. पण तार जोरात छेडली की जुनं पुसतं. तिच्यानंतर कुणी वाजवली का?"

टिळेकरांचा चेहरा उतरला. "मी. रोज संध्याकाळी. येतंय कुठे मला? तिला बरं वाटेल म्हणून आपला खाजवायचो तारा."

शलाकाने तारांकडे पाहिलं. "सगळ्या?"

"आठवी नाही गं. अख्खं घर घुमायचं, भीती वाटायची तिची."

"वाचलो!" शलाका म्हणाली. "आता नीट ऐका. ठसा वाचताना चुंबक हळवा होतो. एक शब्द पडला तरी आधी उमटलेलं सगळं पुसतं. पहिल्या फेरीत नुसती आवाजाची जागा सापडेल, नक्कल दुसऱ्याच फेरीत उतरेल. तोवर तोंड शिवून बसायचं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दोघांनी हेडफोन चढवले. आधी नुसती खरखर आली. मग आठवी तार घुमली आणि पाठोपाठ इरा करवादली, "च्यायला, परत चिखल!"

टिळेकरांच्या डोळ्यांना धार लागली. हसू येत होतं, रडू येत होतं, पण त्यांनी ओठ दाबून धरले. शलाकाही रडत होती. इरा काहीतरी गुणगुणली, खुर्ची करकरली आणि मग अगदी स्वच्छ हाक आली.

"बाबा?"

"ओ!" टिळेकर म्हणाले.

सव्वीस वर्षांची सवय होती. लेकीने हाक मारली की ते ओ द्यायचे.

शलाकाने दुसरी फेरी लावली. तार घुमली नाही, इरा करवादली नाही. खरखर आली आणि तिच्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "ओ!"

"आणि ती?" टिळेकरांनी विचारलं. "ती कुठंय गं?"

आता बोलायला काहीच हरकत नव्हती.