आनंदीकाकूंचा निरोप

उल्हासकाकांच्या टॉवरवर वीज पडली ती शुक्रवारी संध्याकाळी. रविवारी दुपारी जेवणं उरकून मी आणि माझी बायको रुचा त्यांच्याकडे निघालो. काम तसं साधंच होतं. जळलेलं सामान बाहेर काढायचं, वाचवण्यासारखं काही असेल ते वाचवायचं आणि जमलंच तर काकांचं रेडिओ स्टेशन तात्पुरतं सुरू करून द्यायचं.

काका मूळचे नागपूरचे. इथे कॅनडात, कनाटा गावाच्या पुढे, मक्याच्या शेतांमध्ये त्यांचं एकटं घर. घरामागे उंच लोखंडी टॉवर आणि बेसमेंटमध्ये हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर दूरदूरच्या लोकांशी बोलायचा, सेट. काका आणि आनंदीकाकू, दोघांकडेही लायसन्स होतं. तीन हिवाळ्यांपूर्वी काकू गेल्या, आणि तेव्हापासून काका जवळजवळ त्या सेटपाशीच राहत होते. मला हा नाद त्यांनीच लावला. रुचा लग्न होऊन कॅनडात आली ती काकू गेल्यानंतर. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही ऐकला नव्हता.

"बेसमेंटमध्ये मेन स्विच पाडून ठेवलाय," काका दारातच म्हणाले. "सगळं जळलं रे. काही काही ठेवलं नाही."

टॉर्च घेऊन मी खाली उतरलो. जळक्या प्लास्टिकचा वास घशात बसत होता. वीज केबलमधून थेट घरात शिरली होती. भिंतीवर केबलच्या रेषेत काळा ओरखडा उमटला होता. सेटचं झाकण उघडलं, तर आतल्या पट्टीवरचं तांबं वाफ होऊन उडून गेलेलं. सेट, त्याचा पॉवर सप्लाय, मायक्रोफोन... सगळं सोडवून मी वर आणलं आणि मागच्या डेकवर मांडलं. खाली नुसतं रिकामं टेबल उरलं.

मग माझा छोटा सेट गाडीतून काढला. सोबत बॅटरी होती. मेपलच्या फांदीवरून अँटेनाची तार टाकली आणि डेकवरच स्टेशन मांडलं. रुचाने थर्मासमधला चहा ओतला. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, लख्ख ऊन पडलेलं. घाबरायचं काही कारणच नव्हतं.

काकांनी मायक्रोफोन हातात घेतला, आपला कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ठरलेलं सांकेतिक नाव, सांगितला आणि कुणी ऐकतंय का म्हणून विचारलं. थोडी खरखर झाली आणि लगेच उत्तर आलं. सडबरीचा जेरार, काकांचा अलीकडचा रेडिओमित्र. म्हातारा, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारा.

"उल्हास! झाली का दुरुस्ती?" जेरार म्हणाला. "तुझी बायको म्हणालीच होती, दुपारी मुलं येतील म्हणून."

काका हसले. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोण म्हणाली? पुन्हा सांग."

"तुझी बायको. आनंदी. सकाळपासून बोलतोय आम्ही. तीही ऑपरेटर आहे हे तू कधी सांगितलं नाहीस! तुमचाच सिग्नल, अगदी स्वच्छ."

  डेकवर माझ्या पायाशीच तो जळका सेट पोट उघडून पडला होता. सकाळी तर घरात वीजही नव्हती.

काका मायक्रोफोनवर वाकले. "काय... काय म्हणाली ती?"

"तुझ्यासाठी निरोप आहे. खाली बेसमेंटमध्ये ये, एकटा ये, आणि मेन स्विच वर कर, म्हणजे तिला तुझ्याशी बोलता येईल. शेवटी तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाली. थांब हं... 'येते हं, उल्हास.' बरोबर म्हटलं ना मी?"

काकू सेट बंद करताना नेहमी तसंच म्हणायच्या. मी स्वतः कितीदा ऐकलं होतं.

काकांनी मायक्रोफोन टेबलावर ठेवला आणि उठून घरात चालू लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण चाल पोराची.

"काका, थांबा! कुणीतरी मस्करी करतंय..."

"माझ्या बायकोला मी ओळखत नाही का रे?"

मी धावलो, पण रुचा आधीच आत होती. बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी ती दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"खाली जाऊ नका काका. गॅस आहे. वास बघा... कुजक्या अंड्यांसारखा."

मी वाकलो. जळक्या प्लास्टिकच्या खालून, पायऱ्यांवरून, तो वास खरोखरच वर येत होता. मघाशी मी त्याच वासात उभा होतो.

"बाजूला हो, पोरी," काका म्हणाले. "ती बोलावते आहे मला."

काका हिसडा देत होते, आणि आम्ही दोघांनी त्यांना अक्षरशः ओढत रस्त्यापर्यंत नेलं. फायर ब्रिगेडवाले आले. विजेने घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या प्रोपेन गॅसच्या नळीला सुईएवढं भोक पाडलं होतं आणि गॅस जमिनीलगत साठत गेला होता. मेन स्विचची एक ठिणगी उडाली असती, तर घर आणि काका, दोन्ही उरले नसते.

काका आता किचनर शहरात लेकीकडे असतात. माझ्याशी फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "तुम्ही मला जाऊ द्यायला हवं होतं." ते घर विकायला काढलंय. टॉवर उतरवला. माझा सेट मी त्यांच्या नातवाला देऊन टाकला. आमच्या घरात आता रेडिओ म्हणून काही नाही.

काल दुपारी जेरारचा फोन आला. नंबर काकांकडून घेतला म्हणाला.

"ती पुन्हा आली होती," तो म्हणाला. आवाज आनंदी होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. "फार गोड बोलते. जिन्यात आडवी आली होती, ती मुलगी कोण, म्हणून विचारत होती. मला तिचं नाव कुठे ठाऊक? तर म्हणाली, असू दे, मी तिलाच विचारते."

 रेडिओवर नाव सांगताना आम्ही एकेका इंग्रजी अक्षरासाठी त्याच अक्षराने सुरू होणारा एकेक ठरलेला शब्द उच्चारतो. रुचाला त्यातलं ओ की ठो येत नाही.

ती तेव्हा खाली लाँड्री लावत होती. वॉशर थांबला. आणि आमच्या बेसमेंटमधून रुचाचा आवाज आला, कुणाला तरी सावकाश, समजावून सांगितल्यासारखा...

"रोमिओ... युनिफॉर्म... चार्ली... हॉटेल..."