वरच्या ओळीतला चार

माणूस एक वेळ भुताला भिणार नाही. पण स्वतःच्याच डोक्याला भ्यायला लागला, की त्याला देवाच्या पायाशीही झोप लागत नाही.

सकाळी नऊला वहिनींच्या दारात उभ्या राहिलेल्या काकू असाच एक माणूस घरी ठेवून आल्या होत्या.

"हे म्हणतात, मी रात्री झोपेत उठतो आणि माझंच गणित बिघडवतो," त्या म्हणाल्या. "आज पाच वाजता फळा पुसणार आहेत. पत्रं लिहून ठेवलीत सगळ्यांना, माझ्या कामावर विश्वास ठेवू नका म्हणून. माझे सासरे शेवटी यांचं नावसुद्धा विसरले होते, बाई. तेच आता माझ्या वाट्याला आलं, म्हणतात."

वहिनींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. खासगी तपास हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. शेजारी बसलेले त्यांचे दीर, पोस्टातून निवृत्त झालेले भावोजी, मात्र चुळबुळले. कालच ते स्वयंपाकघरात कशाला आलो ते विसरून पाच मिनिटं उभे राहिले होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

"कसलं गणित?" वहिनींनी विचारलं.

"कृष्णविवरांचं. मला नका विचारू, मी नुसती वहीत उतरवून घेते."

तिघं काकूंच्या घरी गेले तेव्हा त्यांचे यजमान, सगळ्यांचे सर, फळ्यासमोर बसले होते. काकूंनी त्यांचा उजवा हात स्वेटरच्या बाहीत घातला. "हळू. खांदा," ते कळवळले.

"कृष्णविवरात पडलेलं बाहेर येत नाही, हे शाळेतली पोरंही सांगतील," सर म्हणाले. "पण ते विवर स्वतः उष्णता सोडत झिजतं आणि शेवटी नाहीसं होतं. मग आत काय पडलं होतं त्याची माहिती गेली कुठे? कायमची पुसली गेली, की त्या उष्णतेत विस्कटून बाहेर आली? पन्नास वर्षं भांडण चाललंय." त्यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे अधिक आलं तर बाहेर आली. उणे आलं तर गेली. संध्याकाळी मी अधिक लिहितो, सकाळी उणे असतं. चार दिवस."

"दुसरं कुणी करत असेल," भावोजी म्हणाले.

"नाही ना." सरांचा आवाज खाली आला. त्यांनी सगळ्यात वरच्या ओळीकडे मान केली. तिथे एक गोल होता, त्याच्या डोक्यावर ठिपका. "विवराच्या कडेची ही माझी जुनी खूण. वीस वर्षांपूर्वी सोडली. आता त्याजागी साधं अक्षर लिहितो. आज सकाळी ती तिथे दिसली. डोकं मागे मागे चाललंय माझं."

भावोजींना कालचं स्वयंपाकघर आठवलं.

वहिनींनी काकूंची वही फळ्याशेजारी धरली. भरतकामाचा नमुना उतरवावा तसं एकेक चिन्ह उतरवलेलं होतं. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

"वरची ओळ कधीची?"

"वर्षभरापूर्वीची," सर म्हणाले. "तिला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय."

खोलीची किल्ली चौकटीवर असे. हे घरातल्यांना ठाऊक होतं, आणि दहा वर्षं सरांबरोबर काम करणाऱ्या शिष्याला.

शिष्य अकराला आला. "सरांचं खरं ठरलं तर माझा दहा वर्षांचा पसारा बुडाला," तो म्हणाला. "माझं गणित म्हणतं, माहिती पुसली जाते. लपवून काय करू?"

भावोजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण पाहिलं. वहिनींनी पाहिलं नाही.

"वरची ओळ तपासली होती तुम्ही?"

"गेल्याच महिन्यात. तिथे दोनचा आकडा. बरोबर आहे."

"आता चार आहे."

त्याने वर पाहिलं, कागद ओढला आणि अर्धा तास मान वर केली नाही. मग त्याचा चेहरा उतरला. "चारच हवा. सर चुकले होते. मीही."

"आणि ही खूण?"

"गोल? वरचा ठिपका खडू निसटून पडला असेल."

घराच्या पुढच्या भागात सरांच्या मुलाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो कामात वाकलेला होता.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "एकोणिसाव्या वर्षी सुटलो त्यातून."

"आता किती?"

"चाळिसावं लागेल. घड्याळं बरी. चुकलेलं घड्याळ समोर असलं की हात शिवशिवतात, मग ते कुणाचंही असो."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "शिष्यच. माझी खात्री आहे."

"तुमची खात्री पाकिटाच्या तिकिटासारखी, भावोजी. कुठेही चिकटते."

पाच वाजता सरांनी डस्टर हातात घेतलं. सगळे जमले होते.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "फळ्यावर चार दिवस उणे होत होतं. काल रात्री आणखी काही झालं. पण सगळ्यांचे डोळे खाली, म्हणून वरचा आकडा कुणी पाहिला नाही. काकूंच्या कालच्या वहीत वर दोन आहे, आज चार. सर, तुमचा उजवा हात स्वेटरच्या बाहीत जात नाही, तिथे कसा पोचेल? आणि हे वळण डाव्या हाताचं नाही. तुम्ही रात्री उठला नाहीत. तुमचं डोकं शाबूत आहे."

काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

"मग बिघडवणारा कोण? त्याने खाली मुद्दाम चूक केली, आणि वर खरी चूक दिसली तेव्हा त्याला राहवलं नाही. दुरुस्त केली. शिष्याला ती चूक दिसलीच नव्हती. महिन्यापूर्वी तपासूनही त्याने दोनच धरले. शिवाय दोन पुसताना शेजारचं अक्षर पुसलं गेलं आणि ते पुन्हा लिहिताना हाताने सवयीने गोल काढला, वर ठिपका. ही खूण शिष्याला माहीतच नाही. वीस वर्षांपूर्वी याच फळ्यासमोर जो शिकला, त्याच्याच हातात ती राहणार." त्या मुलाकडे वळल्या. "हात शिवशिवले ना?"

मुलाने भिंग काढून खिशात ठेवलं.

"आठवतं, बाबा? 'तुझं डोकं या कामाचं नाही.' वीस वर्षं मी रोज स्वतःवर शंका घेत झोपलो. वाटलं, चार दिवस तुम्हीही झोपून बघा तसं."

"अरे, फळा पुसायला निघाले होते ते," काकू पुटपुटल्या.

"ते आज सकाळी कळलं, आई." त्याचा आवाज फाटला. "सांगायचं होतं. जीभ उचलली नाही."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. डोक्याची भीती गेली होती, आणि मुलाकडे बघताना चार दिवसांत पहिल्यांदाच ते खरे घाबरलेले दिसले.

"चार घेतल्यावर," त्यांनी कसंबसं विचारलं, "खालचं अधिक टिकतं?"

"माहीत नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलोय."

सरांनी डाव्या हाताने खडू पुढे केला. मुलाने तो घेतला नाही. तो वळून निघून गेला. दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला, आणि पावलं कुठे वळतात ते सगळे ऐकत राहिले.

पावलं परत आली. त्याच्या हातात दुकानातलं स्टूल होतं. ते त्याने फळ्यासमोर ठेवलं आणि वडिलांच्या हातातला खडू घेतला.

"बसा," तो म्हणाला. "पण मधे बोलायचं नाही."